पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर : पाणी, सोडियम, स्टेरॉइड आणि नाक

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा समजला. तुमचे यजमान ४६ वर्षांचे आहेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवरची अडीच सेंटिमीटरची गाठ नाकातून दुर्बिणीने काढली, पाचव्या दिवशी त्यांना घरी सोडले आणि आज सहावा दिवस आहे. गाठ कोणतेही संप्रेरक जादा बनवणारी नव्हती, परंतु डोळ्यांच्या नसेवर दाब येत होता. आता त्यांना थकवा आहे, तहान सारखी लागते, नाकातून मधूनमधून पाणी येते, आणि यांतले साधे कोणते व धोक्याचे कोणते हे तुम्हाला कळत नाही. रुग्णालय साडेतीन तासांवर आहे. घरातली वडीलधारी मंडळी ‘भरपूर पाणी पाजा, औषधांची उष्णता उतरेल’ असे सांगत आहेत. शेवटी, पुढच्या महिन्यात पुतणीच्या लग्नाला जाता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे.

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करतो. शस्त्रक्रिया मी करीत नाही. ती झाल्यावर रुग्ण माझ्याकडे येतो, आणि गेली वीसहून अधिक वर्षे मी अशा रुग्णांना सांभाळत आलो आहे. तुमच्या यजमानांना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढे लिहिलेले त्यांच्या डिस्चार्ज कार्डावरील सूचनांशी कोठे जुळत नसेल, तर कार्डावरचे प्रमाण माना आणि तेथील डॉक्टरांना दूरध्वनी करून विचारा. ग्रंथीचा निरोगी भाग किती शिल्लक आहे, शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूभोवतीचे पाणी झिरपले होते का, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे सकाळचे कॉर्टिसॉल (शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड संप्रेरक) किती होते, या तीन गोष्टींवर बरेचसे अवलंबून असते, आणि त्या तुमच्या पत्रात नाहीत. कार्डावर त्यांची नोंद असेल. नसेल तर विचारून घ्या.

सर्वांत आधी एक काम सांगतो, बाकीचे सावकाश वाचा. उद्या शस्त्रक्रियेनंतरचा सातवा दिवस आहे. उद्या सकाळी रक्तातील सोडियम तपासून घ्या. तालुक्याच्या बहुतेक प्रयोगशाळांत ही तपासणी होते आणि निकाल त्याच दिवशी मिळतो; नमुना जिल्ह्याला पाठवावा लागत असेल तर तेथेच जाऊन या. सोडियमची नेहमीची पातळी १३५ ते १४५ असते. निकाल १३५ च्या खाली आला, तर रुग्ण बरा दिसत असला तरी शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाला त्याच दिवशी कळवा. १३० च्या खाली आला, किंवा मळमळ, डोकेदुखी, गुंगी यांपैकी काही सोबत असेल, तर निरोपाची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

सातव्याच दिवसाचा आग्रह का, हे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होईल. पिट्युटरीच्या मागच्या भागात व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक साठवलेले असते. ते तयार होते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, आणि मज्जातंतूंवाटे खाली उतरून त्यांच्या टोकांत साठून राहते. शरीराला पाणी राखायचे असेल तेव्हा ते रक्तात सोडले जाते आणि मूत्रपिंडे लघवी कमी करतात. शस्त्रक्रियेत या तंतूंना धक्का बसला, की पहिल्या एक-दोन दिवसांत ते बधिर होतात, संप्रेरक सुटत नाही आणि रुग्णाला पाण्यासारखी पांढरी लघवी भरभरून होते. हे सहसा रुग्णालयातच लक्षात येते आणि बहुतेकांत काही दिवसांत आपोआप थांबते. परंतु जे तंतू दुखावून मरतात, त्यांच्यातला साठा पुढे काही दिवसांनी, शरीराला गरज असो वा नसो, रक्तात झिरपू लागतो; गोणीची शिवण उसवली की धान्य सांडते, कोणी मागितले आहे का याची वाट पाहत नाही, तसे. मग मूत्रपिंडे पाणी सोडीत नाहीत, प्यालेले पाणी अंगातच राहते आणि सोडियम पातळ होत जाते. हे चौथ्या ते दहाव्या दिवसांत, बहुधा सातव्याच्या आसपास घडते. आधी लघवीचा त्रास मुळीच झालेला नव्हता अशा रुग्णांतही हा दुसरा टप्पा एकटाच येऊ शकतो. रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी चालताफिरता घरी जातो आणि हा टप्पा त्यानंतर घरी असताना सुरू होतो. माझ्या अनुभवात अशा रुग्णांना पुन्हा दाखल करावे लागण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे.

एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण मी नेहमी सांगतो. ते घरी गेले तेव्हा उत्तम होते. उन्हाळ्याचे दिवस होते. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळे घेऊन येई, शिवाय वाळ्याचे पाणी आणि सातूचे पाणी चालू होते. आठव्या दिवशी त्यांनी जेवण अर्धे टाकले आणि दिवसभर झोपून काढला. ‘आता कुठे शांत झोप लागते आहे’ म्हणून घरच्यांना बरेच वाटले. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी सदरा घातला तो बटणे चुकीच्या काजांत लावून, आणि मुलीने ती सरळ केली तेव्हा तिला विचारले की आज शाळा भरली का. त्या मुलीने तेवढ्यावरून त्यांना गाडीत घातले. सोडियम ११८ होते. अतिदक्षता विभागात सावकाश, तासातासाला मोजत ते वर आणावे लागले आणि ते पूर्ण बरे झाले; आणखी एक रात्र गेली असती तर बहुधा झटके येऊ लागले असते. त्या घरातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रेमाने पाजलेल्या पाण्यानेच हे घडले.

म्हणून ‘भरपूर पाणी पाजा’ या सल्ल्याला माझे स्पष्ट उत्तर असे आहे, की हे पंधरा दिवस पाणी तहानेपुरते, आग्रहाने एक घोटही नाही. ज्यांना जास्त लघवीचा त्रास नाही आणि डेस्मोप्रेसिन (व्हॅसोप्रेसिनच्या जागी देतात ते लघवी कमी करणारे औषध) चालू नाही, त्यांना अनेक केंद्रांत पहिला आठवडा दिवसाला एक ते दीड लिटर द्रव एवढीच मर्यादा घालून देतात. मीही तसेच सांगतो. त्यात चहा, ताक, वरणाचे पाणी, शहाळे सगळे धरायचे. मात्र तुमच्या यजमानांना सारखी तहान लागते असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे त्यांचे पाणी तोडण्याआधी ती तहान कसली आहे हे ओळखले पाहिजे. ज्यांचे मूत्रपिंड पाणी राखत नाही त्यांचे पाणी तोडणे हे उलट दिशेने तितकेच घातक ठरते.

नाक बंद असल्यामुळे हे रुग्ण तोंडाने श्वास घेतात, आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. ही कोरड दोन घोटांनी, ओठ ओले करून किंवा लवंग चघळून भागते आणि लघवी नेहमीइतकीच होते. व्हॅसोप्रेसिनच्या कमतरतेची तहान निराळी असते. माणूस थंडगार पाणीच मागतो, तांब्याच्या तांब्या रिकामा करतो, रात्री तीन-चारदा उठून पाणी पितो आणि तितक्याच वेळा लघवीला जातो. शंका असेल तेव्हा मोजावे. अर्ध्या लिटरचे खुणा असलेले प्लास्टिकचे भांडे न्हाणीघरात ठेवा, वहीत दोन रकाने आखा, एकात प्यालेले आणि दुसऱ्यात झालेले, वेळेसह लिहा. चोवीस तासांत लघवी तीन लिटरच्या पुढे गेली, किंवा लागोपाठ दोन-तीन तास तासाला २५०-३०० मिलिलिटर होत राहिली, तर कळवायचे आणि सोडियम करायचे. लघवी एकाएकी अगदी कमी, गडद होऊ लागली आणि वजन दोन दिवसांत किलो-दोन किलोने वाढले, तर तेही कळवायचे. पाणी अंगात साठत असल्याची ती खूण असते. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा.

येथे नावाचा एक घोळ सांगून ठेवतो. भरमसाट लघवीच्या या विकाराला आजवर ‘डायबेटिस इन्सिपिडस’ म्हणत. त्याचा साखरेशी काहीही संबंध नाही, तरी ‘डायबेटिस’ हा शब्द कानी पडताच घरोघरी रुग्णाच्या चहातली साखर बंद झालेली मी पाहिली आहे, आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचाही त्याहून गंभीर गोंधळ जगभर झालेला आहे. त्यामुळेच २०२२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हे नाव बदलून ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ असे करण्याचे सुचवले. कार्डावर जुने नाव दिसले तर साखर बंद करू नका. त्यावर डेस्मोप्रेसिनच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या वेळेवर द्या, पण स्वतःहून एकही गोळी वाढवू नका. ती वाढली की पुन्हा सोडियम खाली जाते. नाकात मारायचा फवारा या दिवसांत नीट शोषला जात नाही, म्हणून गोळीच देतात.

आता थकवा. सहा-आठ आठवडे थकवा राहणे साधे आहे, दुपारी झोप लागणेही साधे आहे. परंतु या शस्त्रक्रियेनंतरच्या थकव्याला एक जीवघेणे कारण असू शकते, ते म्हणजे कॉर्टिसॉलची कमतरता. पिट्युटरीचा हुकूम पोहोचला नाही की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवीत नाहीत. मग भूक जाते, मळमळते, उठले की अंधारी येते, रक्तदाब उतरतो, आणि सोडियमही खाली येते. म्हणजे सोडियम कमी होण्याची दोन कारणे या एकाच आठवड्यात शेजारी उभी असतात आणि त्यांचे उपचार वेगवेगळे आहेत. यामुळेच उद्या सोडियम कमी आले तर केवळ ‘मीठ वाढवा’ म्हणून चालत नाही. कॉर्टिसॉलचा विचार झालाच पाहिजे.

त्यांना हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन लिहून दिले असेल, तर ते एकदाही चुकवू नका. ‘स्टेरॉइड’ शब्दाला आपल्याकडे लोक घाबरतात, आणि कोणीतरी हितचिंतक येऊन ‘बंद करा, हाडे ठिसूळ होतात’ असे सांगतोच. निरोगी शरीर रोज जेवढे कॉर्टिसॉल स्वतः बनवते, तेवढेच या गोळ्यांतून भरून काढलेले असते. प्रौढांत ते साधारण १५ ते २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन होते, त्यातला मोठा भाग सकाळी उठल्याबरोबर आणि उरलेला दुपारी किंवा संध्याकाळच्या आत घेतात. ताप १०० अंशांच्या पुढे गेला तर मात्रा दुप्पट करायची, हा नियम आम्ही प्रत्येक रुग्णाला पाठ करून घेतो. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन तात्काळ, आणि मग रुग्णालय. तुमचे गाव दूर आहे, म्हणून त्याच्या दोन वायल, सुया आणि सिरिंज घरी आणून ठेवा, आणि ते कसे द्यायचे हे तुमच्या डॉक्टरांकडून किंवा जवळच्या परिचारिकेकडून आत्ताच शिकून घ्या. गोळ्याही महिनाभर पुरतील इतक्या जवळ असाव्यात. लहान गावांतल्या दुकानांत हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या मागितल्याबरोबर मिळतीलच असे नाही.

त्याच दूर गावाच्या संदर्भात एक कळकळीची विनंती आहे. अशक्तपणा वाटला म्हणून गावातल्या दवाखान्यात जाऊन ‘एक बाटली लावून’ घेऊ नका. ग्लुकोजच्या सलाईनमध्ये शेवटी पाणीच असते, आणि सोडियम उतरलेल्या रुग्णाला ते शिरेतून मिळाले तर काही तासांत झटके येऊ शकतात. एक लिटर पाण्यात विरघळवलेले ओआरएस पाजणे हाही येथे उपाय नव्हे. उलट, सोडियम फार वेगाने वर आणले तरी मेंदूला कायमची इजा होते. म्हणून चोवीस तासांत साधारण ८ ते १० एककांपेक्षा जास्त वाढ होऊ देत नाहीत. हे काम मोजमाप करणाऱ्या रुग्णालयाचेच आहे. वाटेत किंवा तातडीच्या विभागात जे डॉक्टर भेटतील त्यांना एवढेच सांगा : पिट्युटरीची शस्त्रक्रिया झाली आहे, आज अमुक दिवस आहे, सोडियम आणि कॉर्टिसॉल पाहा, आणि कॉर्टिसॉलचा निकाल येईपर्यंत स्टेरॉइडचे इंजेक्शन थांबवून ठेवू नका. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

नाकातून येणाऱ्या पाण्याकडे वळतो. पहिले काही आठवडे नाकातून शेंबूड, तांबूस पाणी, वाळलेल्या रक्ताच्या खपल्या येणे ठरलेलेच आहे. वासही काही आठवडे येत नाही, आणि त्यामुळे जेवणाला चव लागत नाही. याने घाबरून जाऊ नये. काळजी असते ती मेंदूभोवतीचे पाणी गळण्याची. ते पाण्यासारखे स्वच्छ असते, बहुधा एकाच नाकपुडीतून येते, पुढे वाकले की थेंबथेंब टपकते, आणि घशात उतरले तर खारट लागते. घरी करता येईल अशी एक जुनी परीक्षा आहे. स्वच्छ पांढरा सुती रुमाल नाकाशी धरून तो ओला होऊ द्यावा आणि सावलीत वाळू द्यावा. शेंबूड असेल तर कापड खळ दिल्यासारखे कडक होते. हे पाणी असेल तर ते मऊच राहते. ही परीक्षा निर्णायक नव्हे, प्रयोगशाळेतली बीटा-२ ट्रान्सफेरिन ही तपासणी निर्णायक आहे; पण रुमाल मऊ राहिला आणि वाकल्यावर थेंब टपकत असतील, तर सकाळपर्यंत थांबू नका. सोबत ताप, मान आखडणे, उजेड सहन न होणे, वाढत जाणारी डोकेदुखी यांतले काही असेल तर तो मेंदूज्वर असू शकतो, तेव्हा ताबडतोब निघा.

आत लावलेला जोड पक्का व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर नाकात किंवा डोक्यात दाब वाढवणारे काहीही करायचे नाही. नाक शिंकरायचे नाही. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यायची, दाबायची मुळीच नाही. शौचाला कुंथायचे नाही, म्हणून इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध पहिल्या दिवसापासून द्यावे. पण इसबगोलाला पाणी लागते, ते दिवसाच्या हिशेबात धरा. पाण्याची कळशी, सिलिंडर, धान्याचे पोते उचलायचे नाही. वाकून पाया पडायचे नाही, चपलेचा पट्टा खाली बसून लावावा. योगासने करणाऱ्यांना मी मुद्दाम विचारतो, कारण घरी आल्यावर चार दिवसांत ‘हलकेसे’ म्हणून कपालभाती किंवा भस्त्रिका सुरू करणारे रुग्ण मला भेटले आहेत. ते बंद. तपकीर बंद, नाकात तेल-तूप सोडणे बंद. जलनेतीही आपल्या मनाने नको. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी नाक धुवायला सांगितले असेल तेव्हाच, त्यांनी सांगितलेल्या दिवसापासून, उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचे.

नाकातून एकाएकी भळभळून रक्त येणे क्वचित घडते, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही घडू शकते. पुढे झुकून बसवा, नाकाचा मऊ भाग हलकेच धरा आणि निघा.

डोळ्यांचे थोडक्यात. गाठीचा दाब गेल्यावर दिसणे काहींना दुसऱ्याच दिवशी उजळल्यासारखे वाटते, काहींना सुधारायला महिने लागतात, दोन्ही ठीक. परंतु सुधारलेली दृष्टी पुन्हा अंधुक होणे, वस्तू दोन दिसणे, पापणी खाली पडणे, हे आत रक्त साठल्याचे लक्षण असू शकते आणि त्यात तासांचा हिशेब असतो. रोज सकाळी एक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला लावा, मग दुसरा. फरक पडला तर कळतो.

पंधरा दिवस सुरळीत गेले की घाईचा भाग संपतो. सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाकीची संप्रेरके तपासतात. येथे एक चूक वारंवार होते, ती टाळा. एरवी थायरॉइडसाठी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) पाहतात, पण टीएसएच हे पिट्युटरीतूनच येते. पिट्युटरी दुखावलेली असताना ते नेहमीच्या मर्यादेत दिसले तरी थायरॉइड कमी असू शकतो. म्हणून फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, पाहायचे, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर तीही त्यावरूनच ठरवायची. ‘टीएसएच कमी आहे, गोळी जास्त होते आहे’ असे कोणी म्हटले, तर गोळी बदलण्याआधी आमच्यासारख्यांना विचारा. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील, तर स्टेरॉइड आधी आणि थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) नंतर, हा क्रम उलटू देऊ नका. उलटला तर रुग्ण अधिवृक्कांच्या संकटात जाऊ शकतो, म्हणजे कॉर्टिसॉल एकदम कमी पडून जिवावर बेतू शकते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनही पाहावे. उत्साह आणि कामेच्छा कमी राहिली तर संकोचाने गप्प बसू नये, त्यावर उपचार आहे. एमआरआय साधारण तीन महिन्यांनी करतात, कारण त्याआधी आतली सूज आणि शस्त्रक्रियेत जागा बुजवायला भरलेली चरबी यांमुळे चित्र स्पष्ट येत नाही. गाडी चालवणे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीनंतरच.

राहिला लग्नाचा प्रश्न. सोडियम ठीक आले, नाक गळत नसेल आणि औषधे ठरलेली असतील, तर पाच आठवड्यांनी होणाऱ्या लग्नाला ते जाऊ शकतात. विमानाने जाणार असाल तर शस्त्रक्रिया करणाऱ्यांना आधी विचारा, रस्त्याने जात असाल तर मधे उतरून पाय मोकळे करा. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शन तुमच्या हातातल्या पिशवीत ठेवा, मागे डिकीत जाणाऱ्या बॅगेत नको. वरातीत ढोल-ताशांच्या मागे नाचणे, नवरीची ट्रंक उचलणे आणि साऱ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे यांपासून मात्र त्यांना दूर ठेवा; उभ्याने हात जोडले तर कोणी रागावणार नाही. उद्याचा सोडियमचा आकडा आला की येथेच लिहा, शस्त्रक्रियेनंतरच्या कॉर्टिसॉलचा आकडाही सोबत द्या. मी वाचून उत्तर देईन.